‘आमच्याकडे सगळे पेशंट सारखेच’

समलिंगी माणसं इतरांपेक्षा जास्त दारू पितात का, यावर प्राइडचे, म्हणजे समलिंगी समाजाच्या अभिमान मिरवणुकांचे, फोटो फिरू लागले की समाजमाध्यमांवर एक ठरलेलं भांडण होतं. एक गट कुठल्यातरी अमेरिकी अभ्यासाची बातमी चिकटवतो आणि म्हणतो, बघा, हे जगणंच रोगट, दारू हा त्याचा पुरावा. दुसरा गट म्हणतो, हा विषयच काढू नका, आधीच बदनामी काय कमी आहे? मग व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातलं कुणीतरी शांत सुरात दोघांनाही थांबवतं: दारू जात बघत नाही, धर्म बघत नाही, कोण कोणावर प्रेम करतं तेही बघत नाही, आमच्याकडे सगळे पेशंट सारखेच. इथे बहुतेकांचं समाधान होतं आणि वाद पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे पुढच्या प्राइडच्या महिन्यापर्यंत, मिटतो. मला सगळ्यात जास्त अडचण वाटते ती या तिसऱ्या, समंजस वाक्याची.

दारू सोडवण्याची आपली सगळी पद्धत पेशंटने खरं बोलण्यावर उभी आहे. आणि तिची मांडणी अशी आहे, की समलिंगी पुरुषाला किंवा बाईला तिथे नाव लिहून घेतल्यापासून खोटं बोलावं लागतं. वेगळी केंद्रं उघडा, असं माझं म्हणणं नाही. आहेत त्या केंद्रांनी आपल्या मनातला ‘पेशंट’ कोण आहे ते एकदा नीट बघावं, एवढंच आहे. तो जवळजवळ नेहमी बायकामुलं असलेला पुरुष असतो.

आधी आकड्यांचं बघू, कारण गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. 1975 साली लॉस एंजलिसमध्ये एक पाहणी झाली आणि शहरातले जवळपास एकतृतीयांश समलिंगी लोक दारूच्या आहारी गेलेत, असा निष्कर्ष निघाला. तो आकडा पुढे वर्षानुवर्षं फिरत राहिला. त्या पाहणीतली बरीच माणसं मुळात बारमध्येच गाठलेली होती, हे मात्र आकड्याबरोबर फिरलं नाही. गुत्त्यावर उभं राहून पुण्याची शिरगणती केली तर पुणं कसं दिसेल? तेव्हा आकड्यांवर संशय घेणाऱ्या कार्यकर्त्यांचं म्हणणं निव्वळ भावनिक नाही. त्याला चांगला आधार आहे.

पण पुढची संशोधनं एवढी कच्ची नव्हती. 1989 साली शिकागोतल्या सुमारे 3,400 समलिंगी स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात अट्टल पिणारे सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा फारसे जास्त निघाले नाहीत. मात्र अजिबात न पिणारे कमी होते आणि पिण्यामुळे अडचणीत आलेले जास्त: 23 टक्के, इतरांमध्ये 16. शिवाय एक बारीक गोष्ट दिसली, ती मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. वय वाढलं, संसार लागला की इतरांचं पिणं ओसरतं. यांचं तसं ओसरत नव्हतं. नंतरच्या सर्वेक्षणांनी आणखी एक बाजू पुढे आणली. पुरुषांपेक्षा बायकांमधली तफावत मोठी आहे. लेस्बियन आणि द्विलैंगिक स्त्रिया आणि इतर स्त्रिया यांच्यातला फरक ठळक आहे. पुरुषांमध्ये तो कितीतरी पुसट. आपल्याकडे हा विषय निघाला की डोळ्यांसमोर पार्टीतला पुरुषच येतो, म्हणून हे सांगणं भाग आहे.

मग हे जगणंच रोगट म्हणणाऱ्यांचं काय? त्यांना उत्तर देणारा अभ्यास 2010 साली आला. अमेरिकेत 2004 आणि 2005 च्या निवडणुकांत अनेक राज्यांनी समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्त्या केल्या. योगायोगाने त्याच्या आधी आणि नंतर एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्याच माणसांच्या दोनदा मुलाखती झाल्या होत्या. मार्क हॅटझेनब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ताडून बघितल्या. बंदी आलेल्या राज्यांतल्या समलिंगी आणि द्विलैंगिक लोकांमध्ये मद्यविकारांचं प्रमाण सुमारे 42 टक्क्यांनी वाढलं होतं. बंदी न आलेल्या राज्यांत त्याच गटात तशी लक्षणीय वाढ नव्हती. माणसं तीच, त्यांचा लैंगिक कल तोच. बदलला होता तो राज्याने त्यांच्याविषयी मतपेटीतून दिलेला निकाल. रोग स्वभावातच असता तर तो राज्याच्या सीमा पाहून वाढला असता का?

एखाद्या समाजाला दारुडा ठरवायचं आणि दारू त्याच्यापर्यंत कोणी, कशी आणली हे विचारायचं नाही, ही खोड जुनी आहे. ‘आदिवासी पितातच’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गाळणं गुन्हा ठरवलं, गाळण्याविकण्याचे मक्ते दिले आणि पिणाऱ्याला सरकारी दुकानाच्या दारात उभं केलं. सण, देवकार्य, पाहुणचार यांत मुरलेलं पिणं उधारीत आणि कर्जात गेलं. त्यानंतर त्या लोकांच्या व्यसनाधीनतेवर पांढरपेशांनी उसासे टाकले. आता न्यूयॉर्क बघा. समलिंगी गिऱ्हाइकाला दारू देणं म्हणजे जागा ‘बेशिस्त’ ठेवणं, असा अर्थ तिथलं मद्य-परवाना खातं लावत असे. 1966 साली मॅटाशिन सोसायटी या समलिंगींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या काही जणांनी ज्युलियस नावाच्या बारमध्ये जाऊन, आम्ही समलिंगी आहोत, आम्हाला प्यायला द्या, असं मुद्दाम सांगितलं आणि नकार पत्रकारांसमोर पदरात पाडून घेतला. परवानेवाले बार दार लावणार म्हटल्यावर उरले कोणते? गुन्हेगारी टोळ्यांनी चालवलेले. जून 1969 मध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध ज्याच्या दारात समलिंगी लोकांची दंगल झाली, तो स्टोनवॉल इन माफियाच्या ताब्यात होता. दारूत पाणी घातलेलं असे आणि ग्लास विसळायला बारच्या मागे नळही नव्हता. एकमेकांना भेटण्याची जागा हवी असेल तर दारू विकत घ्या, ही अट त्या लोकांनी घातलेली नव्हती.

आपल्याकडे तसे बार झालेच नाहीत. 1860 च्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 सप्टेंबर 2018 पर्यंत डोक्यावर होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तो काढून घेतला. मुंबईत नव्वदीच्या दशकापासून पार्ट्या सुरू झाल्या. एखाद्या क्लबात ठरावीक रात्र मिळायची, आणि ती रात्र मालकाला परवडायची ती बारच्या विक्रीवर. हे झालं शहराचं. तालुक्याच्या गावात दारूचं काम निराळं असतं आणि त्याबद्दल फार कोणी लिहीत नाही. तिथे दारू हा बहाणा असतो. दोन पुरुष रात्री शेतावर पितात, जे व्हायचं ते होतं, सकाळी ‘चढली होती रे’ एवढं म्हटलं की काही घडलंच नाही असं दोघांनाही म्हणता येतं. वर्षानुवर्षं हे असंच चालतं. अशा माणसाची दारू सोडवायची म्हणजे त्याचा एकमेव परवाना काढून घ्यायचा, हे समुपदेशकाला ठाऊकच नसेल तर तो नेमकं कशावर काम करणार?

आता त्या समंजस वाक्याकडे येतो. त्यात तथ्य आहे, भरपूर आहे. यकृताला कल कळत नाही. हातांची थरथर, रात्ररात्र झोप न लागणं, बी-वन जीवनसत्त्वाचा तुटवडा, डिटॉक्सच्या, म्हणजे शरीरातली दारू उतरवण्याच्या, गोळ्या यांत समलिंगी आणि विषमलिंगी असा फरक करायचं कारण नाही. व्यसनी माणसाला आपण निराळे आहोत असं वाटणं हा आजाराचाच भाग असतो, हेही खरं. ‘माझं दुःख वेगळं आहे, म्हणून मी पितो’ हे प्रत्येक पेशंट म्हणतो आणि गटात बसल्यावर ते गळून पडतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्याच संघटनेची तिसरी परंपरा, म्हणजे तिसरा नियम, सांगते, की सदस्य व्हायला दारू सोडण्याची इच्छा पुरे, बाकी काही लागत नाही. इतकी निखळ समतेची अट दुसऱ्या कुठल्या संस्थेत सापडेल? म्हणून ‘वेगळं काही नको’ म्हणणाऱ्यांना मी कर्मठ समजत नाही.

पण डिटॉक्स संपल्यावर काय होतं ते बघा. आपल्याकडचा उपचार कुटुंबाला धरून चालतो आणि बहुसंख्य पेशंटच्या बाबतीत ते अगदी योग्य आहे. दारूने घर उद्ध्वस्त केलेलं असतं, म्हणून घरालाही सोबत घ्यायचं. पुण्याच्या मुक्तांगणने पेशंटच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला, तो महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीच्या कामातला मोठा टप्पा होता. नवऱ्याच्या दारूत बायकोचंही आजारपण असतं, हे त्याआधी कोण मानत होतं? डायसल्फिरामची, म्हणजे घेतल्यावर दारू प्यायलं तर त्रास होतो अशी, गोळी द्यायची असेल तर रोज सकाळी घरच्या माणसाने समोर उभं राहून ती द्यावी, असं सांगितलं जातं. बहुतेक घरांत ते काम बायकोकडे येतं. हे सगळं शहाणपणाचं आहे. आता या चौकटीत अशा माणसाला बसवा, ज्याचं लग्न घरच्यांनी त्याच्या मनाविरुद्ध लावून दिलं आहे आणि ज्याच्या पिण्याचं एक मोठं कारण तेच लग्न आहे. गोळी बायको देणार, कौटुंबिक बैठकीला बायको येणार, फाइलमध्ये ‘वैवाहिक संबंध’ या रकान्यासमोर समुपदेशक बायकोसमोरच काहीतरी लिहिणार. किंवा अविवाहित बाई घ्या, जिची दहा वर्षांची जोडीदारीण दवाखान्याच्या कागदावर ‘मैत्रीण’ आहे आणि भेटीच्या वेळेत जिला बाहेर बसवलं जातं, कारण भेट फक्त नातेवाइकांना.

तिथे पेशंट काय करतो? कहाणी बदलतो. प्रेमभंग झाला होता म्हणतो, मित्राचं नाव फिरवून मुलीचं करतो. गटात सगळे मनातलं बोलत असतात आणि हा मनातलं शाबूत ठेवून बोलत असतो. ‘ट्रिगर’, म्हणजे प्यायला लावणारं कारण, शोधायला सांगतात, तो भलताच दाखवतो. मग खऱ्या ट्रिगरवर काम होतच नाही. एएच्या बारा पायऱ्यांतली चौथी म्हणजे स्वतःचा निर्भय हिशेब आणि पाचवी म्हणजे तो हिशेब दुसऱ्या माणसाला सांगणं. ज्याला लहानपणापासून आपला कल हेच पाप असं शिकवलेलं आहे, तो त्या हिशेबात पहिल्या ओळीत काय लिहील? आणि समोरचा ‘अगदी बरोबर, हेही सोडायला हवं’ म्हणाला तर? त्यावर आणखी एक ठरलेला सल्ला असतो: ज्यांच्याबरोबर प्यायचास ते मित्र सोड. सर्वसाधारण पेशंट मित्र सोडतो आणि घरी जातो. याला घरी काहीच सांगितलेलं नाही. पिणारे मित्र हीच माणसं अशी, ज्यांच्यासमोर तो जसा आहे तसा बसू शकत होता. ती सोडून जायचं कुठे? सहा महिन्यांनी तो पुन्हा दाखल होतो आणि नोंद होते, ‘पेशंटचं मोटिव्हेशन कमी’.

म्हणजे वेगळी केंद्रं हवीत का? अमेरिकेत तोही मार्ग झाला. मिनेसोटात 1986 साली प्राइड इन्स्टिट्यूट खास या समाजासाठी निघाली आणि अनेकांना तिथे पहिल्यांदा मोकळेपणी बोलता आलं. पण पाट्यांचा अनुभव फारसा भरवशाचा नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी, आमच्याकडे समलिंगी लोकांसाठी खास सेवा आहे अशी नोंद केलेल्या उपचार केंद्रांना थेट फोन केले. सुमारे 71 टक्के केंद्रांची खास सेवा इतरांना मिळणाऱ्या सेवेपेक्षा वेगळी नव्हतीच. आपल्याकडे तर वेगळ्या केंद्राच्या दारात शिरणं हेच अर्ध्या गावाला सांगण्यासारखं होईल. एएचा मार्ग मला जास्त पटतो. तिथेही, समलिंगी सदस्यांचे गट वेगळे नोंदवले तर तिसऱ्या परंपरेला तडा जाईल, असा जोरदार आक्षेप होता. वाद रंगला आणि 1974 च्या परिषदेत त्या गटांची नावं निर्देशिकेत घालायचं ठरलं. परंपरा मोडली नाही. सदस्य सगळ्या मीटिंगांना जात राहिले, पण जे इतर कुठे बोलता येत नाही ते बोलायला एक खोली मिळाली. इथे मला 1922 चं देवीचं, म्हणजे अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने दारू सोडण्याचं, आंदोलन आठवतं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांतून निघून ते जव्हार, डांग, सुरतेकडे पसरलं आणि हजारो आदिवासींनी दारू सोडली. बाहेरच्यांचे उपदेश त्यांनी आधीही ऐकले होते. या वेळी शपथ आपल्याच माणसांच्या मेळ्यात घेतली गेली. पुढे अनेक जण पुन्हा प्यायला लागले, हेही सांगायला हवं. दारूच्या बाबतीत सरळ रेषेतल्या गोष्टी नसतातच.

यापुढचा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे सुमारे 16 कोटी निघाले, त्यातले 5.7 कोटी लोक मदतीची गरज असलेले. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकाला कसलीतरी उपचारसेवा मिळाल्याचं दिसलं. सदतीस जण दाराबाहेर असताना मूठभरांसाठी वेगळा विचार कशाला? माझं उत्तर असं, की मी मागतो आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. दाखल करताना ‘लग्न झालंय का’ याऐवजी ‘तुमच्या जवळचं माणूस कोण’ असं विचारायला खर्च काय येतो? पहिली मुलाखत नातेवाइकांना बाहेर बसवून घ्यायला नवी इमारत लागत नाही. गटात कोणी समलिंगी माणसांवर विनोद केला तर संचालकाने तिथल्या तिथे थांबवावं, जसं तो जातीवरून बोलणाऱ्याला थांबवतो. त्या एका विनोदावर कोपऱ्यातला नवा पेशंट ठरवत असतो, आपण इथे बोलायचं की नाही.

शिवाय यातलं बरंचसं ऐच्छिक उरलेलंच नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती आपल्या कक्षेत घेतो आणि त्याच्या कलम 18 मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव न करता सेवा मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. त्याहून उपयोगी आहे कलम 14. सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो रक्ताच्या नात्यातलाच असावा अशी अट नाही. कोणाचं नाव दिलेलंच नसेल, तर कायदा आपोआप नातेवाइकाकडे वळतो. पेशंटची माहिती गुप्त ठेवायची हा कलम 23 चा नियम. पण प्रतिनिधीला कामापुरती माहिती देता येते. म्हणजे त्या कागदावर जोडीदाराचं नाव आहे की वडिलांचं, यावर पेशंट खरं बोलेल की नाही हेच अवलंबून असतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. लग्नाचा कागद मिळत नाही, पण हा मिळतो. किती केंद्रांत दाखल होताना पेशंटला तो पुढे केला जातो?

विषयच काढू नका म्हणणाऱ्यांची भीतीही मी झटकून टाकत नाही. 2020 साली केरळातल्या एका तरुणीने व्हिडिओत सांगितलं होतं, की तिचा कल घरच्यांना कळल्यावर तिला जबरदस्तीने व्यसनमुक्ती आणि मनोरुग्ण केंद्रांत ठेवण्यात आलं. नंतर थोड्याच काळात तिचा गोव्यात मृत्यू झाला. ‘व्यसन सोडवतो’ या नावाखाली कल सोडवण्याचा धंदा चालतो, हे उघड सत्य आहे. 2021 साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी असल्या ‘उपचारां’विरुद्ध आदेश दिले आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण आयोगाचा हात डॉक्टरांपर्यंत पोचतो. डॉक्टर नसताना चालणाऱ्या केंद्रांचं काय? या भीतीपोटी जो माणूस खरोखर दारूत बुडाला आहे तोही केंद्राची पायरी चढत नाही. म्हणून गप्प बसणं मला परवडणारं वाटत नाही. मौनाचा फायदा त्या धंदेवाल्यांनाच होतो.

चळवळीलाही एक अवघड प्रश्न विचारायला हवा. अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, इतर कंपन्या समलिंगी वाचकांच्या नियतकालिकांकडे बघतही नव्हत्या तेव्हा, अॅब्सोल्युट व्होडकाने जाहिराती दिल्या. ते धाडस होतं आणि बाजाराची नजरही होती. तेव्हापासून तिथल्या प्राइडला दारूच्या कंपन्यांचा हात सोडवता आलेला नाही. आपल्याकडे निधी जमवायला, भेटायला, साजरं करायला अजूनही सोपी जागा म्हणजे बार किंवा पार्टी. तिथे मुलांना आपली माणसं भेटतात, हे मोठं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण दारू सोडून तीन महिने झालेल्या मुलाने कुठे जायचं, याचं उत्तर बहुतेक शहरांत आजही नाही. मुंबई-पुण्यात संस्थांच्या कार्यालयांत दुपारच्या बैठका होतात, पुस्तकवाचनं होतात, टेकडीवर फिरायला जाणारे गट आहेत. सोलापूर, नांदेड, अकोल्यात काय आहे? तिथे एखाद्या एएच्या गटाने आठवड्यातून एक मीटिंग यासाठी ठेवली, तर जागा, चहा आणि अनुभवी माणसं तिघंही आयती मिळतील.

व्यसनमुक्ती केंद्रांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि त्यांची तपासणीही व्हायची असते. खाटा, औषधांची नोंदवही, सीसीटीव्ही, अग्निशमन हे सगळं तपासताना, दाखल झालेल्या प्रत्येकाला प्रतिनिधी नेमण्याचा कागद दिला होता का, पहिली मुलाखत एकट्याची घेतली होती का, हे दोन प्रश्न विचारायला आणि त्यांचं उत्तर फायलींतून पडताळायला नवा कायदा लागत नाही, नवं बजेटही लागत नाही.